बिनवाटेच्या डोंगरावर सर्व्हेचा दगड कसा शोधावा

प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा वर्षं सह्याद्रीतले किल्ले फिरून झाले. आता टोपोशीटवर, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या तपशीलवार नकाशावर, मध्ये टिंब असलेले छोटे त्रिकोण दिसतात, त्या डोंगरांवर जायचं आहे. बहुतेकांना वाट नाही. वर नेमकं काय असतं, ते शोधायचं कसं, एकट्यानं जावं का, आणि कधी?

मी बावीस वर्षं हे करतोय. पुणे, सातारा, नगर आणि नाशिक या पट्ट्यातल्या साठेक डोंगरांवर खास या दगडांसाठी, म्हणजे जुन्या मोजणीत खूण कोरून ठेवलेल्या दगडांसाठी, चढलो. खूण हाताला लागली ती निम्म्याहून कमी ठिकाणी. हे आधीच सांगतो, कारण किल्ल्यावर गेलं की दरवाजा, टाकी, तटबंदी असं काहीतरी दिसतंच. इथे दिवसभर कारवीत अंग ओरबाडून घेतल्यावर वर नुसता माळ असू शकतो. त्याची तयारी असेल तर पुढचं वाचा.

वर असतं ते एवढंच. उघड्या कातळावर किंवा पुरलेल्या दगडावर छिन्नीनं कोरलेलं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध टिंब. त्या टिंबावर ओळंबा सोडून थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, उभा करायचे आणि तिथून दूरच्या दुसऱ्या खुणांमधले कोन मोजायचे. महत्त्वाच्या ठाण्यांवर, म्हणजे यंत्र लावायच्या अशा जागांवर, या खुणेभोवती चुन्यात बांधलेला चौथरा असायचा. यंत्र ज्या खांबावर बसायचं तो खांब चौथऱ्यापासून सुटा ठेवलेला असायचा, म्हणजे माणसाच्या पावलांचा हादरा यंत्राला लागू नये. अनेक ठिकाणी वरच्या खुणेच्या बरोबर खाली, जमिनीत, आणखी एक खूण पुरलेली असते. वरचा दगड कुणी उखडला तरी जागा हरवू नये ही त्यामागची सोय. काम संपलं की वर दगडांची रास रचून सगळं झाकून टाकायचे.

हे काम १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजून विल्यम लॅम्टन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं सुरू केलं. पुढे त्याला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे म्हणजे जीटीएस हे नाव मिळालं. एक रेषा जमिनीवर साखळीनं मोजायची आणि तिच्या टोकांवरून फक्त कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशभर जायचं, अशी ती पद्धत. लॅम्टनचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं, ते माणसांनी डोंगरावर चढवलं. २० जानेवारी १८२३ रोजी तो वारला तो आपल्या हिंगणघाटला, हैदराबादहून नागपूरकडे जाताना. त्याची कबर तिथेच आहे. मी स्वतः हिंगणघाटला मुद्दाम जाऊन आलो. या छंदात पडणाऱ्या प्रत्येकानं एकदा जावं असं मला मनापासून वाटतं. किल्ला कुणी बांधला हे आपण विचारतो, तसं नकाशा कुणी बांधला हेही विचारावं. त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टनं काम पुढे नेलं, आणि मोजणीच्या लंबगोलाला, म्हणजे हिशेबासाठी पृथ्वीचा म्हणून धरलेल्या किंचित चपट्या गोल आकाराला, त्याचं नाव मिळालं. तो लंबगोल तुमच्या कामाचा आहे. त्याच्याकडे मी लगेच येतोच.

आधी नकाशा. टोपोशीटवर त्रिकोणात टिंब आणि शेजारी आकडा असेल तर तिथे यंत्र उभं राहिलं होतं, म्हणजे दगड असण्याची शक्यता आहे. नुसतं टिंब आणि आकडा असेल तर ती उंची लांबून कोन मोजून काढलेली असू शकते, कुणी तिथे चढलेलंच नसेल. नवखे लोक इथेच फसतात आणि नुसत्या टिंबाच्या डोंगरावर दगड हुडकत बसतात. बीएम अशी अक्षरं असतील तर ती बेंचमार्कची म्हणजे तलांकाची खूण, ती उंचीची वेगळी मोजणी. तलांक बहुधा रस्ता, पूल, देऊळ, सरकारी इमारत अशा सोयीच्या जागी असतात. नागपूरच्या झिरो माइलपाशी जीटीएसचा १९०७ सालचा तलांक आहे, तो या जातीचा. त्याला डोंगर चढावा लागत नाही. शेजारचा आकडा कोणत्या मापात आहे तेही बघा. जुन्या इंची (एका इंचाला एक मैल) शीटवर फूट आहेत, नव्यांवर मीटर.

शीट ओळखायला सोपं आहे. अक्षांश १८ ते १९ आणि रेखांश ७३ ते ७४ हा चौकोन म्हणजे ४७ एफ. त्याचे सोळा भाग, वायव्य कोपऱ्यातून खाली मोजत जायचे. पुणे ४७ एफ/१४ मध्ये येतं, सिंहगड त्याच्या खालच्या ४७ एफ/१५ मध्ये. त्याच्या वरच्या अंशात, ४७ ई/१० वर, कळसूबाई. ओपन सिरीजची १:५०,००० ची शीट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफमध्ये घेता येतात. मी मात्र जुनं शीटही सोबत ठेवतो, कारण जुन्या वाटा, वाड्या आणि पाणवठे त्यावर जास्त बोलके असतात.

आता तो लंबगोल. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट लंबगोलावर आहेत, आणि तुमचा मोबाइल डब्ल्यूजीएस-८४ या नव्या, जगभर चालणाऱ्या लंबगोलावर. जुन्या शीटवरून अक्षांश-रेखांश वाचून तेच आकडे मोबाइलमध्ये टाकले तर आपल्या भागात जागा शंभर मीटरच्या आसपास सरकते. नकाशावर दोन मिलिमीटर, पण डोंगरमाथ्यावर एवढ्यात तुम्ही कड्याच्या पलीकडे हवेत असता. पहिली तीन वर्षं मला हे माहीत नव्हतं. पुरंदर तालुक्यातल्या एका डोंगरावर मी दोनदा रिकाम्या हातानं परतलो. तिसऱ्यांदा आकडे नीट बदलून गेलो तेव्हा दगड पहिल्या दिवशी जेवायला बसलो होतो त्या झुडपापासून साठ-सत्तर पावलांवर निघाला.

तरीही माझं सांगणं असं की मोबाइलनं तुम्हाला माथ्यावर आणावं आणि मग तो खिशात जावा. तिथून पुढे डोळे वापरा. ज्यानं ही जागा निवडली त्याला दगडाशी काही देणं-घेणं नव्हतं. त्याला इथून दुसरी ठाणी दिसायला हवी होती, बस. पहिल्या दर्जाच्या त्रिकोणांच्या बाजू तीस-चाळीस किलोमीटर किंवा त्याहून लांब असायच्या. एवढ्या लांबवर दिवसा आरशाचा कवडसा पाडून खूण दाखवायचे आणि रात्री दिवा. रात्रीच्या थंड हवेत प्रकाश वाकून येतो आणि दूरची खूण थोडी वर उचलल्यासारखी दिसते, म्हणून एव्हरेस्टनं रात्रीच्या निरीक्षणांवर भर दिला. या सगळ्याचा आपल्या शोधाशी थेट संबंध आहे. माथ्यावर पोचलात की नकाशावर आसपासचे त्रिकोण बघा, होकायंत्रानं त्यांच्या दिशा काढा आणि एकेक डोंगर डोळ्यांनी ओळखा. उभे आहात तिथून त्यातले दोन-तीन जवळच्याच एखाद्या उंचवट्याआड जात असतील तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. सरका. सरकत सरकत अशा जागी या की सगळे एकदम उघडे होतील. दगड बहुतेक वेळा तिथून वीस-तीस पावलांच्या आत असतो.

म्हणूनच तो नेहमी सर्वांत उंच जागी नसतो. आपले माथे सपाट. लांबरुंद सड्यावर सर्वांत उंच जागा कुठली हे डोळ्यांना कळतच नाही, आणि मध्यावर उभं राहिलं तर पठाराची कडच समोरचं सगळं झाकते. मला मिळालेल्यांपैकी कितीतरी दगड माथ्याच्या मध्यावर नव्हते, सोंडेच्या, म्हणजे माथ्यापासून खाली उतरत गेलेल्या धारेच्या, टोकाकडे झुकलेले होते.

एक सापडलेला क्षण जवळून सांगतो. भोरच्या पश्चिमेला, जानेवारीची अखेर, सकाळी आठ-सव्वाआठ. नजरेचा हिशेब जुळला होता, रासही दिसली होती, पण ती ढासळून पसरलेली. तिच्या बाजूला गवताच्या थोंबांमध्ये तळहाताएवढा कातळ उघडा होता. त्यावर राखी-हिरवट दगडफूल, आपल्या गोड्या मसाल्यात पडतं त्याच जातकुळीतलं, पण कातळाला घट्ट चिकटलेलं. मी खरवडलं नाही. बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, ओल्या फडक्यानं माती टिपली आणि पूर्वेकडे तोंड करून पोटावर झोपलो. ऊन अजून तिरपं होतं. आधी एक कंस दिसला, नखानं ओढल्यासारखा. मग तो वळला आणि परत स्वतःला येऊन मिळाला. चहाच्या बशीहून थोडं लहान वर्तुळ. मधलं टिंब पाण्यानं भरलं होतं आणि त्यात आभाळ दिसत होतं. छिन्नीचे घाव वर्तुळाच्या एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ होते. कोरणारा कुठल्या बाजूला बसला असेल हे त्यावरून कळत होतं. मी त्याच बाजूला बराच वेळ बसून राहिलो.

तिरपं ऊन ही यातली सर्वांत कामाची गोष्ट. भर दुपारी तोच कातळ कोरा दिसतो. दुपारीच पोचलात तर पाणी ओता आणि टोपीनं सावली करून बाजूनं विजेरीचा झोत टाका. खडू, रंग, लोखंडी घासणी यांतलं काही नको.

फसवणाऱ्या राशीही पुष्कळ भेटतील. वनखात्याच्या हद्दीचे बुरूज बहुधा एका ओळीत आणि उतारावरही असतात, त्यांवर क्रमांक घातलेले असतात. गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे हद्दीचे दगड असतात. गुराख्यांनी वाटेच्या खुणेला रचलेल्या राशी लहान आणि ताज्या असतात. सर्व्हेची जुनी रास ओळखायची ती दगडांवरून: एकसारख्या आकाराचे, बऱ्याचदा आसपासच्या कातळापेक्षा वेगळे, आणि मध्ये कुठेतरी चुन्याचा पांढरा गोळा. चुना दिसला की थांबा, तिथे चौथरा होता.

खाली गावात विचारायचं तर प्रश्न नीट विचारा. ‘त्रिकोणमितीची खूण कुठे आहे’ असं विचारलंत तर लोक नम्रपणे नाही म्हणतील. ‘मामा, वर साहेबाचा दगड आहे का? चुन्याचा ओटा? पूर्वी वर बावटा लावायचे का?’ असं विचारा. सर्व्हेच्या टोळ्या वर निशाणं उभारायच्या, ती आठवण जागेच्या नावात उरते. एका वस्तीवरच्या ऐंशीच्या घरातल्या आजोबांनी मला सांगितलं, ‘लहान असताना पाटील वरीस-दोन वरसानं वर जाऊन दगड हाय का बघून यायचा.’ त्यात तथ्य आहे. ही ठाणी जिल्ह्याच्या आणि गावच्या अंमलदारांच्या देखरेखीखाली दिलेली होती.

दोन गोष्टी दगडांच्या मुळावर उठल्या आहेत. एक, गुप्तधन. चौथऱ्याच्या मधोमध खड्डा आणि बाजूला फेकलेली घडवलेली शिळा हे दृश्य मी अनेकदा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. खाली सोनं नसतं, दुसरं वर्तुळ असतं. दुसरी गोष्ट माथ्यांचं सपाटीकरण: पवनचक्क्या, मोबाइलचे मनोरे, त्यांचे रस्ते. साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर फिरलात तर मी काय म्हणतोय ते कळेल. शेंदूर लावलेला दगड मात्र मी नुकसानीत धरत नाही. खुणेच्या दगडाचा म्हसोबा झाला असेल तर तो आता म्हसोबा आहे. नारळ फोडणाऱ्यांनी तो उखडू दिला नाही, म्हणून तो जागेवर आहे. चपला काढा, लांबून बघा, शेंदूर खरवडू नका.

आता चालण्याबद्दल. किल्ल्याची सवय इथे पुरत नाही. पावसाळ्यात आणि दसरा-दिवाळीपर्यंत जाऊच नका. गवत छातीएवढं असतं, पाय कुठे पडतो ते दिसत नाही, दगडही दिसणार नाही. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चनंतर वणवे आणि पाण्याची टंचाई, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाच्या विजा. उघड्या माथ्यावर वीज हा खेळ नव्हे. दोन वाजायच्या आत माथा सोडायचा. वाटेवर तासाला तीन किलोमीटर चालणारा माणूस कारवीत अर्धा किलोमीटरही जाऊ शकत नाही. करवंदीच्या जाळ्या आणि घाणेरी असेल तर त्याहून कमी. म्हणून अंतर मोजू नका, तास मोजा. आणि ढोरवाटा शोधा. गुरं उगाच चढत नाहीत, त्यांची वाट पदरातून, म्हणजे कड्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यातून, वळसा घेत सगळ्यात सोप्या चढानं जाते. ती वरच्या पदरापर्यंत नेते, तिथून सोंड धरायची.

सोंडेनं चढा आणि सोंडेनंच उतरा. हे मी शिकलो ते एका रात्रीच्या किमतीवर. फेब्रुवारी महिना, आम्ही दोघे, दगड मिळाल्याचा आनंद, आणि आल्या वाटेनं परत जायचा कंटाळा. पलीकडच्या बाजूला गाव दिसत होतं, मध्ये एक नाळ, म्हणजे अरुंद घळ, सरळ उतरत होती. पहिले दोनशे मीटर घसारा, मग आठ फुटांची पायरी, ती उडी मारून उतरलो. मग पुढची पायरी आली ती चाळीस फुटांची, गुळगुळीत, पावसाळ्यात धबधबा असणार. खाली जाता येईना, आणि मागची आठ फुटांची पायरी चढायला धरायला काही नव्हतं. एकमेकांच्या खांद्यावर चढून, सॅकचे पट्टे जोडून वर आलो तेव्हा अंधार झाला होता. रात्र माथ्यावर काढली, दोघांत पाऊण बाटली पाणी. पहाटे खालच्या धनगरवाड्यातला बाप्या वर आला, त्यानं रात्री आमची विजेरी पाहिली होती. त्यानं आणलेल्या ताकाची चव अजून जिभेवर आहे.

यामागचं कारण डोंगराच्या घडणीत आहे. सह्याद्री थरांचा आहे. लाव्ह्याचे कठीण थर उभे कडे होऊन राहतात आणि ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार होतात. त्यामुळे वरून पाहताना उतार दिसतो आणि त्याच्या टोकाला असलेला कडा दिसत नाही. १:५०,००० च्या शीटवर दोन समोच्च (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) रेषांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर असतं, म्हणजे पंधरा मीटरचा कडा त्या दोन रेषांमध्ये सहज लपतो. नकाशा खोटं बोलत नाही, त्याची बोलायची मर्यादा तेवढी आहे. चढताना ही पायरी समोर उभी असते, टाळता येते. उतरताना ती पायाखाली येते.

रास दिसली की हात घालायचा मोह होतो. घालू नका. सैल दगडांची, उन्हानं तापणारी रास म्हणजे फुरशाचं घर. फुरसं सहसा हातभरही लांब नसतं, रंग मातीचा, आणि डिवचलं तर खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. हिवाळ्यात सकाळी ते उन्हाला बाहेर येतं, म्हणजे आपल्याच वेळेला. आधी काठीनं ठोका, थांबा, बाजूनं बघा. दगड हलवायचा तर हलवूच नये, हे तर आहेच. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड पँट, कातडी हातमोजे घ्या. चावलंच तर चिरा, आवळपट्टी, झाडपाला असलं काही न करता, माणसाला शक्य तितकं न हलवता, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. ते रुग्णालय कुठलं हे घरून निघतानाच ठरलेलं हवं. कड्याच्या पोटात आग्यामोहोळ असेल तर त्या बाजूला धूर नको, अत्तर नको, मोठ्यानं हाका नकोत.

एकट्यानं जाऊ नका. दोघे कमीत कमी, तिघे बरे, कारण एक जखमी झाला तर एक सोबत आणि एक खाली. पाण्याच्या बाबतीत माणशी चार लिटरला कमी करू नका. पायथ्याच्या घरात सांगून जा, कुठल्या सोंडेनं चढणार तेही सांगा. आणि परत आल्यावर त्याच घरी तोंड दाखवा, नाहीतर ते लोक बिचारे रात्री शोधायला निघतात.

परवानगीचं पक्कं करून घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि कोयना ही अभयारण्यं आहेत. कोयना तर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. तिथे वाट सोडून शिरणं चालत नाही, त्रिकोण कितीही खुणावत असला तरी. लष्कराच्या हद्दीतले डोंगर यादीतून काढूनच टाका. खूण हलवणं किंवा फोडणं हा फौजदारी गुन्हा आहे, हे सोबत येणाऱ्या उत्साही मंडळींनाही आधी सांगा.

नोंदीबद्दल विचारलं नव्हतंत, तरी सांगतो. माझी वही साधी आहे. तारीख, शीट क्रमांक, नकाशावरची उंची. खुणेपासून तीन पक्क्या वस्तूंची दिशा आणि पावलं: एखादं झाड, कातळाची कड, रासेचा मध्य. वर्तुळाचा व्यास पट्टीनं. चौथरा किती उरलाय, कुठल्या बाजूनं ढासळलाय. आणि तिथून दिसलेली इतर ठाणी, न दिसलेलीही. फोटो दोन: एक वरून पट्टी ठेवून, एक पोटावर झोपून, ज्यात वर्तुळ समोर आणि मागे क्षितिजावर पुढचा डोंगर येईल असा. त्या दुसऱ्या फोटोतला डोंगर कुठला हे घरी बसून ओळखायचं, आणि पुढच्या महिन्यात तिकडे जायचं. माझी निम्मी ठिकाणं अशीच ठरली.